विचारा की! : कैगा जवळ, जैतापूर लांब, आणि मोटर चालू करायला रात्री दोन वाजता

गेल्या महिन्यात सोलर पंपावर लिहिताना शेवटी सहज एक ओळ टाकली होती, की आपल्या घरातल्या करंटमध्ये थोडा भाग अणूचा पण असतोय आणि तो कैग्याहून, म्हणजे कारवारच्या बाजूच्या अणुवीज प्रकल्पातून येतो. झालं. त्या एका ओळीवर एवढे व्हॉट्सअप आले की सोलर पंप बाजूलाच राहिला. निम्म्याहून जास्त लोकांनी कोकणातल्या जैतापूरच्या अणुप्रकल्पाचंच विचारलंय. साहजिक आहे म्हणा, आपण पेपर कोल्हापूरचा वाचतो, चॅनल मुंबईचं बघतो, त्यामुळं तिथल्या माडबन, नाटे ह्या गावांची नावं पाठ, आणि कैगा कुठं विचारलं तर "गोव्याच्या तिकडं कुठंतरी". नकाशावर पट्टी ठेवून बघा एकदा. बेळगावपासून जैतापूर सरळ रेषेत दीडशे किलोमीटरच्या आसपास, कैगा एकशेदहा. खानापूरवाल्यांना तर नव्वदच्याही आत. जैतापूरला अजून भट्टी, म्हणजे रिअॅक्टर, उभी राहिलेली नाही, कैग्यात २००० सालापासून वीज तयार होतीय.

आधीच सांगतो, मी पीयूसीला (अकरावी-बारावीला) फिजिक्स शिकवून रिटायर झालेला मास्तर. अणुखात्यातला नाही आणि आंदोलनातला पण नाही. हिशोब कागदावर मांडून दाखवतो, चुकला तर कळवा.

प्रश्न : मास्तर, आमचं शिवार नंदगडच्या बाजूला. ऊस आणि थोडं भात. थ्री फेज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री. रात्रीची असली की दोन वाजता बॅटरी घेऊन विहिरीवर जायचं, साप तर आहेतच, आता अस्वलं पण दिसायला लागलीत. टीव्हीवर सांगतात अणुवीज चोवीस तास असते. मग कैगा एवढ्या जवळ असून आम्हाला चोवीस तास का नाही? — एक शेतकरी, खानापूर तालुका

काका, तुमच्या पेटीवर फेज बघायला लावलेले ते तीन छोटे बल्ब माझ्या डोळ्यासमोर आले. आमच्या घरी पण तेच होतं, वडील रात्री उठून खिडकीतून बघायचे तीनही पेटलेत का, दोनच असले की शिवी हासडून परत झोपायचे.

कैग्याची वीज कैग्याच्या शेजाऱ्याला मिळते असं नसतं. तिथून ४०० केव्हीची लाईन निघते ती धारवाडजवळ नरेंद्रच्या सबस्टेशनला येते आणि एकदा ग्रीडमध्ये शिरली की ती कुणाची राहत नाही. केंद्राचा प्रकल्प आहे, त्यामुळं कर्नाटकासोबत दक्षिणेतल्या बाकी राज्यांचा पण वाटा त्यात. मळप्रभेच्या कालव्यात पाणी सोडलं की ते कुठल्या ओढ्याचं हे कोण ओळखणार, तसं.

आता मुद्द्याचं. कैग्यात २२० मेगावॅटच्या चार भट्ट्या, म्हणजे ८८०. चारही पूर्ण चालल्या तर दिवसाला २ कोटी ११ लाख युनिट वीज. एवढीच वीज कोळशावर करायची तर एका युनिटला साधारण ७०० ग्रॅम कोळसा धरा, म्हणजे रोज पंधरा हजार टनाच्या जवळपास, लोंढ्यावरून जाते तशी मालगाडी धरली तर रोज चार गाड्या भरून. हा कोळसा जळत नाही एवढं कैग्याचं पुण्य पक्कं आहे. आणि दुसरं, २०२३ आठवतं ना, पाऊस गेला, धरणं भरली नाहीत, ऑक्टोबरात राज्यभर विजेचा ठणठणाट झाला आणि पंपसेटची सात तासांची वीज पाचवर आणली होती. पाण्यावरची वीज पावसाच्या भरवशावर असते, अणूची तशी नसते. हवामान असं लहरी व्हायला लागल्यावर ही गोष्ट छोटी नाही.

पण दिवसा थ्री फेज पाहिजे हा तुमचा प्रश्न अणू सोडवणार नाही, तो सूर्य सोडवणार. दुपारी बारा ते तीन कर्नाटकात सोलरची एवढी वीज असते की ती कुठं वापरायची हाच प्रश्न पडतो, म्हणून तर कुसुम योजनेत शेतीचे अख्खे फीडरच (गावांना वीज पोचवणाऱ्या लाईनी) सोलरवर घ्यायचं चाललंय. तुमच्या पंचायतीच्या फीडरचं त्यात नाव आहे का ते वीज कंपनीच्या सेक्शन ऑफिसात जाऊन विचारा, जाताना बिलावरचा आरआर नंबर (ग्राहक नंबर) घेऊन जा, तो नसला की उभं करत नाहीत. अणूचं काम संध्याकाळी सातनंतर सुरू होतं, सूर्य बुडल्यावर, सगळ्या घरात पंखे, टीव्ही, मिक्सर आणि कारखान्यात सेकंड शिफ्ट. ती जागा आत्ता मुख्यतः कोळसा भरतोय.

प्रश्न : सर, मी निपाणीला पीयूसी सेकंडला आहे. टेक्स्टबुकमध्ये न्यूक्लिअर म्हणजे झिरो कार्बन असं आहे. पण खाणी, सिमेंट, लोखंड हे सगळं धरलं तर झिरो कसं? आणि भट्टीच्या आत नक्की काय होतं ते सोप्यात सांगा ना, आमच्या सरांनी तो चॅप्टर दोन पिरियडमध्ये संपवला. — एक विद्यार्थिनी

शाब्बास, झिरो नाहीच ते. आयपीसीसीनं, म्हणजे हवामान बदलाचा अभ्यास करणाऱ्या युनोच्या समितीनं, २०१४ च्या अहवालात खाणीपासून ते भट्टी मोडेपर्यंत सगळं धरून हिशोब दिलाय, एका युनिटमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड जातो त्याचा. मधला आकडा घेतला तर कोळसा ८२०, गॅस ४९०, मोठे सोलर पार्क ४८, पाणी २४, अणू १२, जमिनीवरची पवनचक्की ११. म्हणजे सौंदत्तीच्या डोंगरावरच्या पवनचक्क्या आणि कैगा हे दोघं कार्बनमध्ये भाऊभाऊ. वहीत लिहून घे आणि पुढच्या वेळी कोण झिरो म्हणालं की दाखव.

आता भट्टी. तुझ्या निपाणी-चिक्कोडीकडं साखर कारखाना बघितलायस ना आतून? उसाचं चिपाड बॉयलरमध्ये जातं, पाण्याची वाफ होते, वाफ टर्बाईन फिरवते, टर्बाईनला जनरेटर, आणि उरलेली वीज कारखाना विकतो. कैगा हा तसाच कारखाना, फक्त बॉयलरमध्ये चिपाडाच्या जागी युरेनियम. जळत काही नाही. युरेनियमच्या अणूवर न्यूट्रॉन आपटला की तो फुटतो, फुटताना उष्णता देतो आणि आणखी दोन-तीन न्यूट्रॉन सोडतो, ते पुढच्यांना फोडतात. गंमत अशी की हे न्यूट्रॉन फार जोरात पळाले तर फोडायचं काम नीट होत नाही, त्यांना जरा दमवावं लागतं, आणि ते दमवायचं काम कैग्यात जड पाणी करतं, म्हणजे ज्यातला हायड्रोजन नेहमीपेक्षा जड असतो असं पाणी. जड पाण्यामुळं आपल्या भट्ट्यांना युरेनियम समृद्ध न करताच वापरता येतं, जमिनीतून निघतं तसं, ज्यात फुटणारा युरेनियम-२३५ फक्त ०.७ टक्के असतो. भारतानं हा प्रकार निवडला तो त्यासाठीच.

एक किलो असल्या साध्या युरेनियमपासून पंचेचाळीस-पन्नास हजार युनिट निघतात. कर्नाटक सरकारच्या फुकट विजेच्या गृहज्योती योजनेतले महिन्याचे २०० युनिट पूर्ण वापरणाऱ्या घराला ते वीस वर्षं पुरतील. एक किलो. रव्याच्या पुड्याएवढं वजन, आणि आकारानं तर मुठीत मावेल.

प्रश्न : जैतापूरला एवढा विरोध झाला, गोळीबारात माणूस गेला, मग कैगा सेफ कसं? जपानसारखं झालं तर बेळगावपर्यंत येणार का? माझ्या जावेचं माहेर कारवारला आहे, ती म्हणते तिकडं सगळे घाबरूनच असतात. — एक अक्का, शहापूर

अक्का, तुमच्या प्रश्नात तीन प्रश्न आहेत आणि तीनही बरोबर आहेत.

कैग्याला विरोध झाला नाही असं नाही हां. ऐंशीच्या दशकात जोरात झाला होता. खुद्द शिवराम कारंत, ज्ञानपीठवाले कन्नड लेखक, त्यात पुढं होते, १९८९ ला ह्याच मुद्द्यावर तिकडून लोकसभेला उभे राहिले आणि पडले. आपल्याकडं ते कन्नड पेपरात आलं आणि आपण कन्नड पेपर वाचत नव्हतो, एवढंच.

चुका पण झाल्यात, लपवण्यात अर्थ नाही. १९९४ च्या मे महिन्यात बांधकाम चालू असताना भट्टीच्या घुमटाचा आतला काँक्रीटचा थर खाली कोसळला. आत तेव्हा इंधन नव्हतं म्हणून किरणोत्साराचा प्रश्न आला नाही, पण काही कामगार जखमी झाले, डिझाईन बदलावं लागलं आणि काम लांबलं. मग २००९ च्या नोव्हेंबरात तर विचित्रच प्रकार, आतल्याच कुणीतरी पिण्याच्या पाण्याच्या कूलरमध्ये ट्रिटियमवालं (किरणोत्सारी हायड्रोजन असलेलं) जड पाणी मिसळलं आणि पन्नासहून जास्त कामगारांच्या लघवीच्या तपासणीत ते सापडलं. मला विचाराल तर घुमट पडण्यापेक्षा हे दुसरं जास्त खटकतं. काँक्रीट जाड करता येतं, माणसाच्या मनात काय आहे ते कसं बघणार? दुसऱ्या बाजूला हेही खरं की ह्याच कैग्याचं पहिलं युनिट २०१६ च्या मे पासून २०१८ च्या डिसेंबर अखेरपर्यंत ९६२ दिवस एकदाही बंद न पडता चाललं. तेव्हा तो जगातला विक्रम होता, नंतर कॅनडानं मोडला.

जपानचं म्हणाल तर २०११ ला फुकुशिमात भूकंप झाल्या झाल्या भट्ट्या आपोआप बंद झाल्या होत्या. पण बंद केली तरी भट्टी लगेच गार होत नाही, चूल विझवल्यावर निखारे राहतात तसं कित्येक दिवस पाणी फिरवावं लागतं, आणि त्सुनामीनं पाणी फिरवणारे डिझेल जनरेटरच बुडवले. कैगा समुद्रापासून आत आहे, त्सुनामीची भीती नाही. पण काळी नदीवर कैग्याच्या वर सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी अशी धरणं ओळीनं आहेत, तेव्हा तिथल्या लोकांनी विचारायचा खरा प्रश्न त्सुनामीचा नाही, धरणांचा आहे. जनसुनावणीला गेलात तर तो विचारा.

बेळगावपर्यंत येणार का? सरकारी आणीबाणीचा आराखडा भट्टीभोवती १६ किलोमीटरचा असतो, आपण त्याच्या कितीतरी बाहेर. चेर्नोबिलला १९८६ ला वाऱ्यानं कण शेकडो किलोमीटर गेले हे खरं, पण तिथं भट्टीवर असा जाड काँक्रीटचा घुमटच नव्हता आणि आतला ग्राफाईट पेटला. कैग्यात ग्राफाईट नाही. जावेला सांगा, प्रकल्पामुळं बाहेरच्या माणसाला वर्षाला १ मिलिसिव्हर्टपेक्षा (किरणोत्सार मोजायचं माप) जास्त डोस जाऊ नये असा नियम आहे. निसर्गातून, जमिनीतून, आकाशातून आपल्याला सरासरी २.४ तसाच मिळतो, आणि पोटाचा एक सीटी स्कॅन काढला की त्याच्या तिपटीच्या आसपास एका दमात. ह्याचा अर्थ घाबरू नका असा नाही, मोजमाप मागा आणि मग ठरवा.

प्रश्न : कचऱ्याचं काय? कोलारच्या खाणीत टाकणार होते ना? — एक वाचक, बैलहोंगल

२०१२ ची गोष्ट ती. तमिळनाडूतल्या कुडनकुळम अणुप्रकल्पाच्या केसमध्ये कोर्टात कोलारचं नाव आलं आणि केजीएफला (तिथल्या सोन्याच्या खाणीच्या गावी) लोक रस्त्यावर उतरले, मग सरकारी बाजूनं तसं काही नाही म्हणून खुलासा केला. आपल्याकडं वापरलेलं इंधन आधी काही वर्षं पाण्याच्या टाकीत गार करतात, मग त्यातलं प्लुटोनियम वगैरे काढून घेतात आणि राहिलेला जहाल भाग काचेत वितळवून सीलबंद ठेवतात. आकारानं हा कचरा थोडा आहे, थर्मलच्या राखेच्या डोंगरापुढं काहीच नाही, पण हजारो वर्षं सांभाळायचा आहे आणि कायमचा पुरायला जागा देशात अजून तयार नाही. ह्यावर गुळगुळीत उत्तर देणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

प्रश्न : देशनूरला युरेनियम सापडलंय म्हणून आमच्याकडं एजंट फिरतात. जमीन आत्ता विकून टाकू का? — येळ्ळूरचा एक काका, पण जमीन सासरवाडीची

नका विकू. देशनूरच्या बाजूच्या जुन्या दगडात युरेनियम आहे हे खरं, अणु खनिज संचालनालयानं तिथं शोधकाम केलेलं आहे. पण दगडात असणं वेगळं आणि खाण परवडणं वेगळं. सासऱ्यांना न विचारता तुम्ही हे मला का विचारताय ते कळलं नाही, पण असू दे.

प्रश्न : आमची उद्यमबागेत फौंड्री आहे. इंडक्शन फर्नेसला करंटच जीव. २०४७ पर्यंत १०० गिगावॅट अणुवीज, प्रायव्हेट कंपन्या, छोट्या भट्ट्या असं सगळं ऐकतोय. खरोखर होणार का, की नुसत्या बाता? — एक उद्योजक, बेळगाव

साहेब, तुम्ही कास्टिंगची ऑर्डर घेताना आधी काय बघता, पार्टीनं मागं वेळेवर पैसे दिलेत का. तसंच बघू.

आपली पहिली अणुवीज तारापूरची, १९६९. तेव्हापासून आजपर्यंत आपण पोचलो ८.८ गिगावॅटपर्यंत (एक गिगावॅट म्हणजे हजार मेगावॅट), देशाच्या विजेत वाटा तीन टक्क्यांच्या आसपास. कोळसा सत्तरच्या वर. आता २०४७ ला १०० करायचे तर दरवर्षी चार गिगावॅटहून जास्त वाढ पाहिजे, म्हणजे दरवर्षी जवळजवळ पाच कैगा. कैग्याच्याच पाचव्या-सहाव्या युनिटचं घ्या, ७०० मेगावॅटची दोन, मंजुरी २०१७ ची, जनसुनावणी २०१८ च्या डिसेंबरात, आणि वीज अजून लांब आहे. कल्पाक्कमची फास्ट ब्रीडर भट्टी (वापरते त्यापेक्षा जास्त इंधन तयार करणारी) २००४ ला बांधायला घेतली, तिचा गाभा भरायला सुरुवात झाली २०२४ ला. ह्या पार्टीला मी उधारीवर माल दिला नसता.

पण बदल झालाय हेही सांगायला पाहिजे. २०२५ च्या बजेटमध्ये छोट्या भट्ट्यांच्या संशोधनाला २० हजार कोटी आणि २०३३ पर्यंत निदान पाच चालू करायच्या असं म्हटलं. तुमच्यासारख्या कारखानदारांना जी दाखवतात ती 'भारत स्मॉल रिअॅक्टर' म्हणजे दुसरं तिसरं काही नाही, कैग्यात आहे तीच २२० मेगावॅटची भट्टी सुधारून. नवीन नाव, ओळखीचा माल, आणि माझ्या मते तीच जमेची बाजू. मग २०२५ च्या डिसेंबरात संसदेनं 'शांती' कायदा केला, त्यानं १९६२ चा अणुऊर्जा कायदा आणि २०१० चा नुकसानभरपाईचा कायदा दोन्ही मोडीत काढले आणि खासगी कंपन्यांना दार उघडलं. २०१० च्या कायद्यात सामान सदोष निघालं तर पुरवठादाराकडून वसुली करता येईल असं एक कलम होतं, त्याच्यावरच परदेशी कंपन्या अडून बसल्या होत्या. नव्या कायद्यात ते गेलं. आणि मोठ्या भट्टीला चालवणाऱ्यावर जास्तीत जास्त जबाबदारी ३ हजार कोटींची. फुकुशिमाची भरपाई आपल्या रुपयात काही लाख कोटींवर गेलीय, तेव्हा वरचे पैसे कोण देणार ते तुमचं तुम्ही ओळखा. तुमच्या फौंड्रीचा पंप फुटला तर पार्टी तुम्हाला सोडते का?

आता खर्च. २०१७ ला दहा भट्ट्यांना, ७ हजार मेगावॅटला, १ लाख ५ हजार कोटी धरले होते, म्हणजे मेगावॅटला १५ कोटी. सोलरला चार-पाच कोटी. ऐकायला अणू तिप्पट महाग, पण सोलर रात्री झोपतं, वर्षाच्या हिशोबात त्याचा मेगावॅट अणूच्या पाव ते एक तृतीयांशच वीज देतो. पावगडचं २,०५० मेगावॅटचं सोलर पार्क तेरा हजार एकरांवर पसरलंय आणि वर्षाला कैग्याच्या निम्म्याहून थोडी जास्त वीज देतं. म्हणजे युनिटमागची गुंतवणूक कागदावर जवळपास सारखीच पडते. फरक पडतो तो वेळेत. सोलर दीड-दोन वर्षात उभं राहतं आणि हप्ता फेडायला लागतं, भट्टी दहा-बारा वर्षं नुसती व्याज खाते. हवामानाला पण तोच हिशोब लागू, आज थांबवलेला कार्बन आणि २०४० ला थांबवलेला कार्बन एकच नाही. तुम्ही छपरावर सोलर घाला, भट्टीची वाट बघत बसू नका.

प्रश्न : मास्तर, गोल गोल नको. तुम्ही अणूच्या बाजूचे की विरोधातले? — वडगावचा एक जुना विद्यार्थी

तू बॅकबेंचवर बसून पण असंच विचारायचास. चालू असलेली भट्टी बंद करू नये, ह्या बाजूचा मी. जर्मनीनं २०२३ च्या एप्रिलमध्ये शेवटच्या तीन बंद केल्या आणि कोळशाच्या चालूच ठेवल्या, हे मला उलटं वाटतं. कैग्यात जागा, पाणी, लाईन, शिकलेली माणसं सगळं आहे, तिथं दोन वाढल्या तर माझी हरकत नाही, जंगलाची किंमत नीट मोजून. कोकणात मच्छीमाराच्या दारात ९,९०० मेगावॅट एकदम, आणि त्या पण आपण देशात कधी चालवल्या नाहीत असल्या डिझाईनच्या, ह्याला माझा विरोध. आणि २०१९ च्या पुरात मार्कंडेय नदीचं पाणी ज्यांच्या घरात शिरलं त्यांना जाऊन कोळसाच बरा असं सांगायची माझी तरी हिंमत नाही.

प्रश्न : कैगा बघायला मिळतं का? पोरांना घेऊन जायचं होतं. — एक शिक्षिका, हलशी

आधी पत्र पाठवून परवानगी काढावी लागते, पोरांचे आयडी लागतात. मी एकदा पीयूसीची पोरं घेऊन गेलो होतो, गेटवर मोबाईल, घड्याळं, एकाच्या डब्यातली स्टीलची सुरी पण काढून ठेवली. पोरांना भट्टीपेक्षा जास्त आवडले ते बाहेरच्या झाडावरचे धनेश, तिथं दरवर्षी पक्षी मोजायची स्पर्धा असते असं एकाने ऐकलं आणि परत येईपर्यंत बसमध्ये कुणी युरेनियमचं नाव काढलं नाही. रस्ता खानापूर, रामनगर, जोयडा, अणशी घाट, कद्रा असा. पावसाळ्यात नको, अणशीत दरड येते. आणि पेट्रोल रामनगरलाच भरून घ्या.